काळ आला!

आमच्या घरी संगणक आला. चिरंजीवांनी मामाला काटकसरीने कळवले, 'के-ए-एल ए-एल-ए'. म्हणजे 'काल आला'. मामाने वाचले 'काळ आला' आणि घाबऱ्याघुबऱ्या फोन केला, "कोणाचा रे?"

"अरे, मराठीत मराठी लिही की!" मी ओरडलो.

"अवघड असतं, बाबा."

साफ खोटे! इन्स्क्रिप्ट हा कळफलक सरकारने १९८६ सालीच प्रमाण ठरवला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. 'क'च्या कळीवरच शिफ्टसह 'ख', 'ग'वर 'घ'. अहो, ही तर आपली पहिलीतली मुळाक्षरे! इंग्रजीत 'क्यू'शेजारी 'डब्ल्यू' का, हे मात्र कुणी विचारीत नाही. मुकाट्याने पाठ करतो. आळस आपला आणि बदनामी देवनागरीची!

मीही चाचपडलो. पहिल्या दिवशी 'स्वयंपाक' लिहायला बसलो, सौ.चा झाला, माझा होईना. पण आठवड्याने मामाला चार ओळी धाडल्या: 'संगणक आला. काळ कोणाचाही नाही.'

पाठवल्यावर वाटले, मामाचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. असेच रोमनमध्ये खरडत राहिलो, तर एक दिवस उत्तर द्यावे लागेल, "मामा, मराठीचा!"