सगळेच पलाझो नसतात हो!

मंडळी, एम-८ चा बोल्ट आणि ५/१६ इंची बोल्ट, दोघांच्या जाडीत एक दशांश मिलिमीटरचाही फरक नाही. पण आटे वेगळे! दोघांना एकच समजलं तर वर्कशॉपमध्ये काय ऐकून घ्यावं लागतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग घेरदार पँट दिसली की तिला सरसकट 'पलाझो' म्हणून मोकळे होणारेही आपणच कसे?

खरं तर दोनच गोष्टी बघायच्या. घेर कुठून सुरू होतो आणि पँट कुठे संपते.

कमरेपासूनच घेर, तो थेट घोट्यापर्यंत : पलाझो. कमरेला बसती आणि मांडीपासून खाली सरळ : पॅरलल. गुडघ्यापर्यंत घट्ट, मग घंटेसारखी पसरलेली : बेलबॉटम. ही १९७० च्या दशकात पुरुषांनीही हौसेने मिरवली, घरचे जुने अल्बम काढून बघा! घेर भरपूर पण पोटरीवरच संपली, उभं राहिलं की स्कर्ट वाटते : क्यूलॉट. लग्नसराईत हमखास गोंधळ होतो तो शरारा-घराऱ्याचा. अवधच्या घराऱ्याला गुडघ्याशी जोड असतो, त्याखाली चुण्या घातलेलं कापड. शराऱ्याला तसा जोड नसतो. आणि पटियाला? वर चुण्याच चुण्या, पण पायाशी आवळलेली. म्हणजे ती सलवारच.

आता म्हणाल, हे फॅशन पुराण इथे कशाला? तर आमच्या वर्कशॉपबाहेरच्या नोटिशीसाठी. 'पलाझो घालून प्रवेश नाही.' लेथच्या फिरत्या चकजवळ लोंबतं कापड नको, हे शंभर टक्के मान्य. पण या नोटिशीमुळे पलाझोवाली परत जाते, तिचं प्रॅक्टिकल बुडतं आणि जमीन झाडणारी बेलबॉटम आत जाते. क्यूलॉटही जाते, जिच्याखाली उघड्या पायावर गरम चिप्स उडू शकतात. मुलांच्या ढगळ जीन्सचं तर नावच नाही! मग ही सुरक्षितता की नुसती नावाची भीती?

त्यापेक्षा साधं लिहा ना : पायाशी घेर इतके सेंटिमीटर, घोटा झाकलेला, कापड जमिनीला न टेकणारं. नियम मुलामुलींना सारखाच. दारात मोजपट्टी टांगून ठेवा.

ड्रॉइंगच्या शीटवर माप न देता 'जरा मोठं वर्तुळ' असं लिहिलं तर सर ती शीट घेतील का? मग नोटीसही मापातच हवी.