हेडफोन लावला की स्पीकर बंद? हे ठरवलं कोणी?

परवा आईबाबांकडे गेलो होतो. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून कॉम्प्युटरवर नाटक बघताना ते हेडफोन लावतात. हेडफोन लावला की स्पीकर बंद! मग आई शेजारी बसून मूकपट बघते. म्हटलं, "अगं, सांगायचंस ना." तर म्हणे, "मशीनच तसं आहे, त्याला कोण काय करणार?"

हे मला लागलं. कारण मशीन तसं नाहीये. आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी ते तसं केलंय.

जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये जॅकच्या आत धातूची पट्टी असायची. पिन आत गेली की पट्टी उचलली जायची आणि स्पीकरचं सर्किट तुटायचं. तिथे इलाज नव्हता. पण २००४ साली इंटेलचं हाय डेफिनिशन ऑडिओ आलं. त्यात पिन घातली की कोडेक चिप ड्रायव्हरला नुसता निरोप देते, 'इथे काहीतरी लागलंय'. स्पीकर बंद करायचा निर्णय बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचाच. आणि निरोप तरी केवढा? हेडफोन कानावर आहे की टेबलावर, ऐकणारा एक आहे की दोघं, हे जॅकला काय कळणार?

आता कुणी म्हणेल, ऑटोमॅटिकच बरं. रात्री बारा वाजता हेडफोन लावून गाणं सुरू केलं आणि ते स्पीकरवर वाजलं तर? मान्य, शंभर टक्के मान्य. डीफॉल्ट ऑटोमॅटिकच हवं. माझं भांडण डीफॉल्टशी नाहीच, लपवलेल्या बटणाशी आहे.

लिनक्सवर अल्सावाल्यांनी निदान बटण दिलंय. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एफ६ दाबून साउंड कार्ड निवडा, बाणाने उजवीकडे सरका. बऱ्याच कार्डांवर 'ऑटो-म्यूट मोड' सापडेल, तो 'डिसेबल्ड' करा. मी केला. तरी स्पीकर गप्पच! कारण ड्रायव्हरच्या डोक्यावर बसलेल्या साउंड सर्व्हरनेही 'हेडफोन' पोर्ट निवडून स्पीकर म्यूट केला होता. तेही हाताने काढलं, तेव्हा कुठे दोन्हीकडून आवाज आला. पिन काढून पुन्हा घातली की तो पुन्हा तेच करणार. म्हणून बाबांना सांगून आलोय, "पिन काढूच नका, हेडफोन नुसता कानावरून उतरवा." आता बोला! ह्याला म्हणायचं ऑटोमॅटिक!

म्हणजे एकाच गोष्टीचा निर्णय दोन ठिकाणी, आणि दोघांनीही माणसाला विचारलं नाही. आईने टर्मिनल उघडून अल्सामिक्सर शोधावा अशी अपेक्षा आहे का?

मागणं फार नाही. आवाजाच्या पट्टीशेजारी एक चौकोन द्या, 'दोन्हीकडे ऐकू दे'. त्यावर टिक केली की ड्रायव्हर आणि सर्व्हर, दोघांनीही मुकाट ऐकायचं, आणि पुढच्या वेळी ते लक्षातही ठेवायचं. अंदाज जरूर बांधा, पण तो चुकला तर मोडायची सोय वापरणाऱ्याच्या हातात हवी.

असो. त्या रात्री नाटक दोघांनी मिळून ऐकलं. 'मशीनच तसं आहे' असं म्हणून माझ्या आईसारखे किती जण गप्प बसले असतील, कोण जाणे.