वात झाला म्हणून हात बांधू नका

"लाईट आली. दारं धरायला जायचंय, सोडा मला!" रात्री दोन वाजता आमचे चुलते अण्णा ओरडत होते. ते टेंभुर्णीच्या उसाला पाणी देत नव्हते, एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात होते. खुब्याच्या ऑपरेशननंतरची ती तिसरी रात्र. त्यांनी सलाईन उपटले, कॉटवरून पाय खाली टाकला. मग बँडेजच्या पट्ट्यांनी त्यांचे दोन्ही हात कॉटला बांधले, झोपेचे इंजेक्शन दिले आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या आम्हांला सांगितले, "वय झालंय, वात झालाय, चालायचंच."

त्या वाक्यातला फक्त मधला भाग खरा होता, आणि तेवढ्यासाठी आपल्या भाषेचे आभार मानायला हवेत. डॉक्टर ज्याला डेलिरियम म्हणतात त्याला आपल्याकडे वात, सन्निपात, बरळणे असे शब्द आधीपासून आहेत. तापात माणूस बरळतो आणि ताप उतरला की ताळ्यावर येतो, हे घरातल्या बायकांना ठाऊक होते. म्हणजे हा आजार वयाचा नाही, दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचा निरोप आहे. म्हातारपणचा विसराळूपणा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. वात काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत येतो, सकाळी ओसरतो आणि दिवे लागणीला पुन्हा चढतो. लक्ष एका जागी ठरत नाही. कालपर्यंत उसाच्या बिलाचा हिशेब तोंडी सांगणारा माणूस आज मुलाला ओळखत नसेल, तर "वय झालं" हे उत्तर कसे पुरेल? रात्रीतून कुणाचे वय वीस वर्षांनी वाढत नाही.

अण्णांचे कारण दुसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी शोधले. लघवी तुंबली होती आणि चार दिवस पोट साफ नव्हते. त्यात कानाचे मशीन आम्ही घाईत घरीच विसरलो होतो आणि पन्नास वर्षांची तंबाखू एका दिवसात सुटली होती. अशीच कारणे असतात: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातले पाणी किंवा मीठ कमी होणे, साखर उतरणे, न सांगितलेली वेदना, झोपेच्या आणि सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या. आमच्या भागात फवारणीचे औषध पोटात गेलेले पेशंट येतात. त्यांचा जीव वाचवणारे अ‍ॅट्रोपिन जास्त झाले तर त्यानेही माणूस बरळतो. म्हणून वात दिसला की आधी कारण शोधायचे, पट्टी नंतर.

"पण पडले असते, नळ्या काढल्या असत्या, बांधू नको तर काय करू?" हा सिस्टरांचा प्रश्न खरा आहे. एका वॉर्डाचा भार एकीच्या अंगावर असतो, तिला दोष देऊन काही होणार नाही. पण बांधण्याने वात थांबत नाही. शॅरन इनॉय आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९६ साली दवाखान्यात वात कशाने उठतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सापडलेल्या पाच कारणांत हातपाय बांधणे होते आणि लघवीची नळीही होती. झोपेच्या औषधांचेही तसेच. ती बहुधा वात लांबवतात. दारू अचानक सुटल्याने येणारा वात मात्र वेगळा, तिथे तीच औषधे जीव वाचवतात. हॅलोपेरिडॉलवर अनेकांचा भरवसा आहे, पण अतिदक्षता विभागातल्या पेशंटवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. अण्णा बरे झाल्यावर ती रात्र विसरले नव्हते. "मला चोरांनी बांधून टाकलं होतं," असे ते आजही सांगतात.

"वात उतरला की संपलं" हेही तितकेसे खरे नाही. प्रतीक पंढरीपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अतिदक्षता विभागातल्या ८२१ पेशंटचा मागोवा घेतला. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की, वात जितके जास्त दिवस राहिला तितकी वर्षानंतरही बुद्धी मंद राहिलेली आढळली. आणि ओरडणारा पेशंट निदान लक्ष तरी वेधतो. जो गप्प पडून राहतो, जेवत नाही, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटतो, त्यालाही वात झालेला असू शकतो. "आजी शांत आहेत, काही त्रास नाही," असे म्हणून आपण पुढे जातो, आणि तिथेच माणसे हातची जातात.

आता ज्या समजाने घरे मोडतात त्याकडे येतो. त्या रात्री अण्णा माझ्या वहिनीबद्दल म्हणाले, "हिनं डाळीत विष घातलंय." पंधरा वर्षे त्यांना गरम भाकरी वाढणारी बाई ती. भावकीत कुजबुज झाली, मनात होतं तेच ओठांवर आलं. या समजाच्या बाजूने दाखलाही दिला जातो: १९२० साली सरदारगृहात शेवटच्या आजारात लोकमान्य टिळक ग्लानीतही राजकारणच बोलत होते, म्हणजे वातात माणूस खरे बोलतो. मला हे मान्य नाही. वातातल्या बोलण्याचा माल आयुष्यातला असतो, त्याची जोडणी आजाराने केलेली असते. दारे धरणे अण्णांच्या आयुष्यातले, भाकरी वाढणारी वहिनीही त्यांच्या आयुष्यातली. विष मात्र त्या रात्रीच्या भीतीने घातले. ओळखीचा चेहरा ओळखू येत नाही, घास कडू लागतो, मग मेंदू त्याला एक कारण जोडून देतो. सवाई माधवराव पेशवे ऑक्टोबर १७९५ मध्ये आजारपणात शनिवारवाड्यात वरून पडले. त्यांनी जीव दिला की तापाच्या भ्रमात ते पडले, याचा वाद दोनशे वर्षांनंतरही मिटलेला नाही. भ्रमातल्या कृतीत हेतू शोधायची खोड किती जुनी आहे, हे त्यावरून कळते.

"हे सगळं पुण्या-मुंबईचं, आमच्याकडे कोण करणार?" या आक्षेपाला माझे उत्तर सर्वांत ठाम आहे, कारण जे लागते ते आपल्याकडेच आहे. इनॉय यांनी येल येथे सत्तरीपुढच्या ८५२ पेशंटचा अभ्यास केला. वेळोवेळी तारीख-ठिकाण सांगणे, चालवणे, पाणी पाजणे, चष्मा आणि कानाचे मशीन लावणे, रात्री गोळीऐवजी गरम दूध आणि पाठ चोळणे, एवढ्यावर वाताचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आले. एकदा वात आल्यावर मात्र त्याच उपायांचा फारसा उपयोग दिसला नाही, म्हणजे जे करायचे ते पहिल्या दिवसापासून. तिथे त्यासाठी स्वयंसेवक तयार करावे लागले. चिलीत हेच काम घरच्या माणसांकडून करून घेतले आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत प्रमाण १३.३ वरून ५.६ टक्के झाले. टेंभुर्णीतून सोलापूरला किंवा अकलूजला पेशंट न्यायचा म्हटला की जीपभर माणसे निघतात. त्या माणसांना आपण बाकड्यावर बसवतो आणि भेटीच्या वेळा दाखवतो. एकाला उशाशी बसवा, त्याला काम सांगा.

संशोधनही इथेच व्हायला हवे, आणि ते इथल्या बोलीत. वात ओळखण्याच्या ४एटी चाचणीत पेशंटला वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू साल विचारतात, मग डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला लावतात. आमच्या आजीचा जन्म कागदावर एक जूनचा आहे, तोही गुरुजींनी लिहिलेला. तिला डिसेंबर विचारून काय कळणार? फाल्गुन, माघ, पौष असे उलटे ती झरझर म्हणेल. आषाढी झाली की व्हायचीय, उसाला तोड आली का, असे विचारले तर तिची शुद्ध नेमकी कळेल. हे प्रश्न तपासून पक्के करण्याचे काम सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी होऊ शकते. त्याला यंत्र लागत नाही, कान लागतात.

गेल्या वर्षी अण्णांना पुन्हा भरती करावे लागले, या वेळी हर्नियासाठी. पिशवीत चष्मा, कवळी, कानाचे मशीन आणि घरची घोंगडी होती. सगळ्या चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि तंबाखूची हकीकत डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितली. उशाशी वहिनी बसली, तिनेच हट्ट धरला होता. दुसऱ्या रात्री अण्णा उठून बसले आणि म्हणाले, "लाईट आली का गं?" वहिनीने त्यांच्या कानातले मशीन नीट बसवले, पाणी दिले आणि सांगितले, "दवाखान्यात आहात तुम्ही. आज बुधवार. दारं धरायला हे गेलेत." अण्णांनी पाणी पिऊन ग्लास तिच्या हातात दिला आणि कूस बदलली.