काळ्या हातांची लाज कुणाला?

आमच्या कचेरीत एक वाक्य वरचेवर ऐकू येतं. 'हे आपलं काम नव्हे.' नळ गळतो, फ्यूज उडतो, सायकलची चेन पडते... आपलं काम नव्हे! फाइलवर शेरा मारणं तेवढं आपलं. मी स्वतः कारकून आहे, मराठी घेऊन बी.ए. झालेला, त्यामुळे हे वाक्य कुठून येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. घरच्या जुन्या प्रीमिअर पद्मिनीचा डिस्ट्रिब्यूटर मी घरीच बदलला हे कळल्यावर एका सहकाऱ्याने विचारलं, "अहो, पगार मिळतो ना? मग हे हमालाचं काम कशाला?" उत्तर अर्ध्यावर राहिलं, कारण साहेब आले. उरलेलं इथे लिहितो.

हमालाच्या कामात कमीपणा आहे असं मी मानत नाही. पण ज्या कामाला त्याने हे नाव दिलं ते काम काय आहे, ते आधी पाहू.

पेट्रोलच्या इंजिनात बॅटरी आणि कॉइलच्या जोरावर ठिणगी पाडायची रीत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन माणसाने 1910च्या सुमारास घालून दिली आणि पुढे कित्येक दशकं जगातल्या मोटारी तिच्यावर धावल्या. बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमध्ये जाऊन पंधरा-वीस हजार होतात. ते कुठल्या सिलिंडरला आणि नेमके कधी द्यायचे, हे डिस्ट्रिब्यूटर पाहतो. नावाप्रमाणेच वाटप करणारा! आत पॉइंट उघडतात-मिटतात, कंडेन्सर त्यांना जळण्यापासून वाचवतो, वर रोटर फिरतो आणि टोपीतून चार प्लगना पाळीपाळीने वीज पोचवतो. पद्मिनीत ही पाळी 1-3-4-2 अशी. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 100 ठिणग्या पडतात, आणि एकही चुकून चालत नाही. आमच्या आवक-जावक विभागाने यातून काही शिकावं.

आपल्या गोव्याच्या पावसात टोपीत ओल धरते. तिला बारीकशी भेग असली तर वीज भेगेतूनच पळते आणि गाडी 'मिसिंग' मारू लागते. टोपी पुसून, पॉइंट पॉलिश पेपरने घासून पुष्कळदा भागतं. पण दांडीचा बुश झिजला की दांडी डुलते, पॉइंटचं अंतर दर फेऱ्याला बदलतं, आणि मग अख्खा डिस्ट्रिब्यूटर बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. रोटरला बोटाने धरून हलवून पाहिलं की हे दोन मिनिटांत कळतं. एका गॅरेजवाल्याने तेही न पाहता मला कार्बोरेटर बदलायला सांगितलं होतं!

आता प्रत्यक्ष काम. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. प्लगच्या चारही वायरींना चिकटपट्टी लावून नंबर घालायचे. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि इंजिन हाताने फिरवायचं. हवा अंगठ्याला ढकलू लागली की पहिला पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर येतो आहे हे समजायचं आणि पुलीवरची खूण जुळवायची. टोपी उघडली की रोटर पहिल्या वायरीकडे तोंड करून असतो. त्याची दिशा आणि डिस्ट्रिब्यूटरची बैठक रंगाने खुणावून ठेवायची. मग बोल्ट सैल करून जुना बाहेर, नवा त्याच खुणांवर आत. एक दाता इकडचा तिकडे झाला तर गाडी चालू व्हायची नाही, म्हणून इथे घाई नको. पॉइंटचं अंतर फीलर गेजने साधारण 0.45 मिलिमीटर ठेवायचं. शेवटी बॅटरी जोडून कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टोकाला आणि बॉडीला 12 व्होल्टचा बल्ब लावायचा. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. इंजिन टायमिंगच्या खुणेवर आणून बल्ब पेटेल त्या क्षणी डिस्ट्रिब्यूटर आवळला की काम झालं.

यात हमाली कुठे आहे? निरीक्षण आहे, क्रम आहे, संयम आहे. व्याकरण शिकताना आम्ही याहून वेगळं काय करत होतो?

आपला खरा रोग जुना आहे. लोकहितवादींनी 1848पासून 'प्रभाकर'मधल्या शतपत्रांतून पोथी घोकणाऱ्या आणि उद्योगाला हलकं मानणाऱ्या विद्वानांना झोडपून काढलं. पोथी गेली, तिच्या जागी फाइल आली, तुच्छता तीच. गोरा कुंभार आणि सावता माळी यांच्या अभंगांवर आम्ही मान डोलावणार, आणि चिखलाचे हात समोर आले की नाक मुरडणार! ज्यांचे हात पिढ्यान् पिढ्या काळे झाले त्यांना आपण पंगतीत लांब बसवलं, हे विसरता येत नाही. 'आपलं काम नव्हे' या वाक्यात तीच पंगत दडलेली आहे.

आणि हे सगळं मराठी संस्कृतीच्या नावाने? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली इथून जवळच बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केले. त्यांच्याच कारखान्याच्या गावातून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, आणि त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' झालं. मराठी वाचकाला घडवणारं मासिक कारखान्याच्या अंगणात जन्मलं! पाना आणि लेखणी एका घरात नांदू शकतात याला आणखी कसला पुरावा हवा?

काहीजण विचारतात, मेकॅनिकच्या पोटावर पाय का आणता? तर ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम मी आजही त्याच्याकडेच नेतो; जिथे जीव जाऊ शकतो तिथे हौस चालत नाही. सुटे भागही त्याच्याच ओळखीने मिळतात. "पात्रांव, तुमी कित्याक हात काळे करतात?" असं तोही विचारतो, पण त्या विचारण्यात कौतुक असतं. शिवाय आता त्याचं बिल मला वाचता येतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जुनी गाडी धूर करते, भंगारात घाला. 1 एप्रिल 2022पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क 600 रुपयांवरून 5000 झालं, पुढे आणखी वाढलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023मध्ये रस्त्यावरून गेली. दिवसभर पळणाऱ्या टॅक्सीबद्दल मी वाद घालणार नाही. पण आठवड्यातून एकदा बाजाराला जाणारी, टायमिंग नीट बांधलेली गाडी मोडून नवी घडवायची, तर त्या नव्या गाडीचं लोखंड काय आकाशातून पडतं? बिघडलेलं दुरुस्त करायची अक्कल हरवली म्हणून फेकून द्यायचं, आणि त्याला पर्यावरणप्रेम म्हणायचं, हे मला पटत नाही.

असो. आपले पुढारी उठल्यासुटल्या 'भिवपाची गरज ना' म्हणत असतात. एकदा तरी ते खरं करूया. मुलांना दिवाळीअंक वाचायला द्या, आणि सोबत दहा नंबरचा पानाही हातात द्या. ग्रीस साबणाने जातं.