मोजलेली माणसे

दिवाळी अंकात लेखकाने वाचकाला कुठेतरी लांब फिरवून आणावे, असा आपल्याकडे जुना संकेत आहे. फराळाचे ताट शेजारी, अंक मांडीवर आणि मन हिमालयात नाही तर व्हेनिसमध्ये! यंदा मीही वाचकांना समुद्रापार नेणार आहे. पण देखावे दाखवायला नव्हे. मॉरिशसचे निळे पाणी आणि पांढरी वाळू प्रवासी कंपन्यांनी आपल्याला इतकी दाखवली आहे, की तिथे माणसेही राहतात याचा विसरच पडावा. मला बोलायचे आहे ते त्या माणसांविषयी आणि त्यांना मोजणाऱ्या सरकारविषयी.

आधी आकार पाहू. मी राहतो ते धाटाव रोह्याजवळ, कुंडलिकेच्या काठी. आमचा रायगड जिल्हा सात हजार चौरस किलोमीटरांहून थोडा मोठा आणि २०११च्या जनगणनेत त्याची वस्ती २६ लाखांवर होती. मॉरिशसचा देश, रॉड्रिग्ज बेट धरून, सुमारे २,०४० चौरस किलोमीटरांचा. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. म्हणजे आमच्या कलेक्टरसाहेबांच्या हाताखाली तिपटीहून मोठा मुलूख आणि दुपटीहून अधिक माणसे! पण त्या बेटाला राष्ट्रपती आहे, पंतप्रधान आहे, संसद आहे आणि संयुक्त राष्ट्रसंघात स्वतःची खुर्चीही आहे.

या बेटाचे मूळ रहिवासी कोण? कोणीच नाही. १५९८ साली डच उतरले तेव्हा तिथे डोडो पक्षी होते, माणूस नव्हता. डचांनी बेट सोडले, मग फ्रेंच आले आणि त्यांनी आफ्रिकेतून व मादागास्करहून गुलाम आणले. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. १८३५ साली गुलामगिरी संपली. पण उसाचे मळे काही संपले नव्हते. ते राबवायला १८३४पासूनच हिंदुस्थानातून गिरमिटावर मजूर जाऊ लागले होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत असे सुमारे साडेचार लाख लोक तिथे उतरले. कोणी भोजपुरी बोलणारे, कोणी तमिळ, कोणी तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले व देशावरचे मराठी लोकही. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले, त्या आप्रवासी घाटाला युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशाचा मान दिला.

सगळेच बाहेरून आलेले, तर राज्य कोणी करायचे? १२ मार्च १९६८ रोजी स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १९६५ साली आणि पुन्हा स्वातंत्र्याच्या तोंडावर तिथे दंगली झाल्या होत्या. आपल्यापेक्षा संख्येने मोठ्या असलेल्यांच्या राज्यात आपले काय होणार, ही धास्ती अनेकांच्या मनात होती. म्हणून राज्यघटनेने एक चमत्कारिक युक्ती केली. २१ मतदारसंघांतून ६२ सभासद निवडायचे. पैकी मुख्य बेटावरच्या वीस मतदारसंघांत प्रत्येकी तीन. निकाल लागल्यावर एखादा समाज मागे राहिलेला दिसला, तर हरलेल्यांतल्या सर्वांत जवळ पोचलेल्यांना जास्तीत जास्त आठ जागा द्यायच्या. यासाठी समाज चार ठरवले: हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे ‘सर्वसाधारण’. या पद्धतीचे नावच मुळी ‘सर्वोत्तम पराभूत’! परीक्षेत थोडक्यात नापास झालेल्याला कृपागुणांनी वर काढावे, तसा हा प्रकार. हसू येते खरे. पण दंगलींतून उठलेला तो देश मतपेटीवर विश्वास ठेवायला शिकला, हे विसरून चालणार नाही. १९९२ साली तो प्रजासत्ताक झाला, आणि सरकारे तिथे आजही निवडणुकीनेच बदलतात. २०२४ साली विरोधी आघाडीने ६२ पैकी ६० जागा जिंकून सत्ताधाऱ्यांना घरी बसवले.

पण खाने आखणे सोपे, पुसणे कठीण. १९७२ नंतरच्या जनगणनेत तिथे समाज विचारणे बंद झाले. जागांचा हिशेब मात्र १९७२च्याच आकड्यांवर चालू राहिला. त्या वर्षी जन्मलेले मूल आज पन्नाशी ओलांडून गेले, तरी आकडे तेच! उमेदवाराने आपला समाज लिहिलाच पाहिजे, या सक्तीविरुद्ध काही नागरिक संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले आणि २०१२ साली समितीने त्यांची बाजू घेतली. २०१४च्या निवडणुकीपुरती ती सक्ती उठवण्यात आली.

आता आपल्या माणसांकडे येऊ. निवडणुकीच्या हिशेबात मराठी लोक हिंदूंच्या खान्यात जातात. पण तिथल्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात ‘मराठी’ अशी वेगळी नोंद असते. मराठी हा धर्म! वीस हजारांच्या घरातली ही माणसे. गणेशचतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येते, मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही मिळते. कोकणातल्या जाखडीचा वंश सांगणारी ‘झाकरी’ तिथे गणपतीपुढे अजून नाचली जाते. पण त्यांच्या घरात जेवताना, भांडताना, बाळाला निजवताना ऐकू येते ती बहुतेक ठिकाणी क्रिओल.

हे मी वर्गात सांगितले, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, मराठी बोलत नाहीत, तर ते मराठी कसे?” मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “आमच्या घरी आम्ही कातोडी बोलतो, सर. माझ्या दाखल्यावर मातृभाषा मराठी लिहिलीये. मग मी कोण?” रोह्याच्या आसपासच्या डोंगरांत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, हे मला का ठाऊक नव्हते? पण इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. समुद्रापलीकडे मराठी न बोलणारे मराठीत मोजले जातात, याचा मला अभिमान वाटत होता. आणि माझ्याच वर्गात दुसरीच भाषा बोलणारी मुलगी मराठीच्या खान्यात निमूट बसवलेली होती.

कोणी म्हणेल, रकान्यात काय लिहिले याने काय बिघडते? त्याने चागोस बेटांची हकीकत ऐकावी. मॉरिशसशी जोडलेली ही बेटे इंग्रजांनी १९६५ साली तोडून वेगळी केली आणि पुढे दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी दिले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या बागांत राबणारे दीड-दोन हजार लोक होते. कागदोपत्री त्यांना कायमचे रहिवासी न म्हणता कंत्राटी मजूर ठरवले आणि १९६८ ते १९७३च्या दरम्यान बेटे रिकामी केली. मुलूख उरला, कारभार उरला; प्रजा तेवढी नाहीशी झाली. २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे तोडणे बेकायदा असल्याचे मत दिले आणि मे २०२५मध्ये ब्रिटनने बेटे परत देण्याच्या करारावर सही केली. पण ज्यांचे आईबाप परक्या बंदरात झुरून गेले, त्यांना त्या सहीने काय परत मिळणार?

आपल्याकडे १ मार्च २०२७ ही तारीख धरून जनगणना करण्याचे आणि तिच्यात जातही नोंदवण्याचे सरकारने २०२५ साली जाहीर केले. जातीच्या रकान्यावर वाद भरपूर होतील; मातृभाषेचा रकाना मात्र आपण पांढरपेशे लोक सवयीने सांगून मोकळे होऊ. वाचकहो, प्रगणक दाराशी येईल तेव्हा त्याला बसायला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि घरात जी भाषा खरोखर नांदते तिचेच नाव सांगा. नातवंडांशी आपण कोणत्या भाषेत बोलतो, याचाही त्या निमित्ताने हिशेब होईल.

त्या मुलीला मी सांगितले आहे, “तुझ्या घरी विचारतील, तेव्हा कातोडी म्हणून सांग आणि त्याने तसेच लिहिले का, ते वाचून बघ.” मराठीचा प्राध्यापक मराठीचा एक आकडा कमी करतो, म्हणून कोणी रागावले तर रागावो. खोटा आकडा वाढवून आमची भाषा श्रीमंत होणार नाही.