भांडं कशाला लपवायचं?

मागच्या लेखात घरून काम करण्याच्या गमतीजमती सांगितल्या होत्या. आजचा विषय जरा अवघड आहे. आपल्या मराठी घरांमध्ये त्याबद्दल बोलायचं झालं तर आवाज आपोआप खाली येतो. म्हणूनच मुद्दाम लिहितोय.

झालं असं. आमच्या फ्रिजमध्ये भाजीच्या खणात, कोथिंबिरीच्या जुडीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या असायच्या. शनिवारी सकाळी बाबांना आमटीत घालायला कोथिंबीर हवी होती. मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर आलो तर बाबा डायनिंग टेबलावर चष्मा लावून बाटलीचं लेबल वाचत बसलेले. अगदी वही तपासावी तसे.

"माका दी?" ते म्हणाले. "कोणाक दी?"

मी गप्प. चौतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, तरी दहावीत कॉपी करताना सापडल्यासारखा उभा.

मग त्यांचं बोट खालच्या बारीक अक्षरांवर गेलं. "लाटंबार्से? हे आपलं लाटंबार्से?"

होय, आपलंच. डिचोली तालुक्यातलं. कंपनीचं नावच लाटंबार्से ब्रुअर्स. आणि बिअरचं नाव कोकणीत, 'माका दी', म्हणजे 'मला दे'. बाबांनी नोकरीची सगळी वर्षं डिचोलीच्या शाळेत शिकवण्यात घालवली. लाटंबार्सेची कितीतरी मुलं त्यांच्या हाताखालून गेली. त्या गावाचं नाव बिअरच्या बाटलीवर वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर आधी कौतुक दिसलं आणि लगेच दुसरंच काहीतरी आलं. बाटली जागेवर ठेवून ते म्हणाले, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" आणि कोथिंबीर निवडायला लागले.

माझी या छंदाची सुरुवात पुण्यात झाली. बी. ई. झालो, हिंजवडीत नोकरी लागली, आणि ऑफिसच्या मित्रांनी डूलालीला नेलं. २००९ साली पुण्यात सुरू झालेली ती महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. नावाची गोष्ट तर आपल्या नाशिकशेजारची. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून बघून इंग्रज सोल्जरांचं डोकं फिरायचं, म्हणून इंग्रजीत वेडसर माणसाला 'डूलाली' म्हणायला लागले. देवळालीचं डूलाली! तोपर्यंत बिअर म्हणजे थंडगार, पिवळी, कडू आणि फेसाळ, एवढंच मला ठाऊक होतं. तिथे पहिल्यांदा गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास आला. मी विचारलं, यात केळं घातलंय का? नाही म्हणे. तो वास यीस्टचा. केळं नाही, लवंग नाही, फक्त यीस्टची करामत. इंजिनिअरला आणखी काय हवं?

खरं तर बिअरमध्ये चारच गोष्टी असतात. पाणी, मोड आणून भाजलेलं सातू म्हणजे माल्ट, हॉप्सची फुलं आणि यीस्ट. १५१६ साली बव्हेरियात कायदाच केला होता की बिअरमध्ये पाणी, सातू आणि हॉप्स यांशिवाय काही घालायचं नाही. यीस्टचं नाव त्यात नव्हतं. या चार गोष्टी आणि तापमान बदललं की सगळं बदलतं. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंशांत काम करतं आणि लवकर मोकळं होतं. लागरला थंडावा लागतो आणि आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. माल्ट जास्त भाजलं तर रंग काळा आणि वास कॉफीचा.

पुढे घरून काम करायची सोय झाली आणि आम्ही पेडण्याला परत आलो. बघतो तर गोव्यातही हे वारं पोचलेलं. अंजुण्याच्या हिप्पी जमान्यातल्या एट फिंगर एडीच्या नावाची आयपीए इथलीच. मग आम्हा पाच-सहा मित्रांचा शनिवारचा नेम झाला. कधी मांद्रे, कधी म्हापशाच्या पलीकडे, जिथे टेस्टिंग असेल तिथे.

टेस्टिंग म्हणजे काय, ते कधी न गेलेल्यांसाठी सांगतो. लाकडी पट्टीवर चार छोटे ग्लास येतात, प्रत्येकात शंभरेक मिली. हलक्या बिअरपासून जड बिअरकडे जायचं, उलट नाही. आधी उजेडात धरून रंग बघायचा, मग वास, मग एक घोट. घोट तोंडात फिरवायचा, गिळल्यावर मागे काय उरतं ते बघायचं. मधे साधं पाणी. आणि तिखट शेव-फरसाण लांब ठेवायचं, नाहीतर चारही ग्लास सारखेच लागतात. घाई नाही, 'बॉटम्स अप' नाही. आजीने लोणच्याची फोड जिभेवर ठेवून 'मीठ मुरलं नाही अजून' म्हणावं, तसाच प्रकार.

त्या दुपारी बाबांसमोर हे सगळं मी घडाघडा बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आमच्या भट्टीत वेगळं काय होतं?"

खरंच, काय वेगळं होतं? आमच्या आजोबांची काजूची भट्टी होती. पोर्तुगीजांनी काजू आणला आणि आपल्या डोंगरांनी तो आपलासा केला. उन्हाळ्यात बोंडं गोळा करायची, तुडवायची, रस आंबवायचा आणि मडक्यात चढवायचा. पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा चढवला की फेणी. थोडकाच माल, गावचंच फळ, दोन-तीन महिन्यांचाच हंगाम. आजच्या भाषेत याला 'स्मॉल बॅच', 'लोकल', 'सीझनल' म्हणतात आणि जास्त पैसे घेतात. फेणीला २००९ मध्ये जीआय मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. पण शाळेत माझ्या वर्गातला एक मुलगा 'भट्टीवाल्याचा' म्हणून ओळखला जायचा आणि ते काही कौतुकाने नव्हे. तेच काम स्टीलच्या टाक्यांत, काचेच्या भिंतीआड झालं की ते 'क्राफ्ट' होतं. माझ्यासारखे लोक त्याचे फोटो टाकतात.

"फरक एवढाच," बाबा म्हणाले, "की भट्टीवर प्यायला जाणारा सगळ्या गावाला दिसायचा."

मग ते काकांबद्दल बोलले. आमच्या घरात काकांचा विषय निघत नाही. काकांचा डिचोलीच्या खाणींवर टिपर होता. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला, आणि चार वर्षांत काका गेले. लिव्हर. खाण बंद झाली म्हणून ते प्यायला लागले, असं नातेवाइकांत सांगितलं जातं. बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा खरं सांगितलं. खाण जोरात होती तेव्हाही काका पीत होते. तेव्हा पैसे येत होते, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

"त्याची फेऱ्यांची वही होती," बाबा म्हणाले. "दिवसाला किती फेऱ्या, किती डिझेल, पैशापैशाचा हिशोब. पिण्याची वही नव्हती. तुझी आहे?"

माझ्याकडे होती की! कुठली बिअर, कुठला वास, दहापैकी किती गुण, सगळं एक्सेलमध्ये. पण त्यात फक्त शनिवार होते. मधल्या दिवसांत, रात्रीचा अमेरिकेचा कॉल संपला की 'एकच' म्हणून उघडलेली बाटली त्यात नव्हती. त्या रात्री वॉशिंग मशीनमागची, भंगारवाल्यासाठी ठेवलेली पिशवी उपसली. महिन्याभराच्या ३३० मिलीच्या बाटल्या निघाल्या २६.

आता गणित करू. ३३० मिली बिअर, ५ टक्के मद्यार्क, म्हणजे बाटलीत १६.५ मिली शुद्ध अल्कोहोल. २६ बाटल्यांत ४२९ मिली. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २५.७ मिली असतं. म्हणजे घरात बसून, महिन्याला जवळजवळ सतरा लार्ज पेग. शनिवारचे वेगळे. सतरा पेग म्हटलं असतं तर मीच दचकलो असतो. 'बिअर' म्हटलं, तीही क्राफ्ट, म्हणून काही वाटलं नाही. त्यातही बेल्जियन ट्रिपलसारखी ८ टक्क्यांची असेल, तर एक छोटी बाटली म्हणजेच एक लार्ज पेग. चवीला मधासारखी लागते, म्हणून लक्षात येत नाही इतकंच.

बायकोला आकडा दाखवला. ती म्हणाली, "मला माहीत होतं. पण तू शनिवारच्या चवीबद्दल इतकं छान बोलतोस, की मधल्या दिवसांचं विचारायचं कसं, ते कळेना."

हे मला बाबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी सोडली का? नाही, खोटं कशाला सांगू! पण मधले दिवस बंद केले. पहिले दोन आठवडे रात्री कॉल संपल्यावर हात आपोआप फ्रिजकडे जायचा. तेव्हा समजलं, तो चवीचा मामला नव्हताच, सवयीचा होता. आता तिथे सोलकढी असते. शनिवारी चार छोटे ग्लास, पोटभर जेवण, आणि गाडी न पिणाऱ्याच्या हातात. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे, आणि 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्याला ती लागू नाही असं कुठे लिहिलेलं नाही. पत्रादेवीच्या पलीकडे सावंतवाडीच्या पाहुण्यांना बाटल्या भेट म्हणून नेणंही बंद. परवान्याशिवाय हद्द ओलांडणं गुन्हाच आहे. आणि जागतिक आरोग्य संघटना २०२३ पासून स्पष्ट सांगते आहे की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. हे माहीत असून मी शनिवारचे चार ग्लास घेतो. निदान मोजून घेतो.

गेल्या महिन्यात बाबा एकदा आमच्याबरोबर आले. त्यांनी लिंबूसोडा मागवला. आमच्यापुढे बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर आली. आम्ही पाच इंजिनिअर नाक खुपसून बसलो. कोणी म्हणालं लिंबू, कोणी म्हणालं गवती चहा. बाबांनी ग्लास हातात घेतला, नुसता हुंगला आणि खाली ठेवला.

"धणे," ते म्हणाले. "आणि संत्र्याची साल."

वाढणाऱ्या मुलाला विचारलं. दोन्ही बरोबर! आयुष्यात बिअरचा थेंब न घेतलेल्या माणसाला शंभर टक्के गुण.

परतताना गाडी बाबांनीच चालवली. आणि हो, आमच्या फ्रिजमध्ये आता बाटल्या वरच्या कप्प्यात असतात, ताकाच्या भांड्याशेजारी, सगळ्यांना दिसतील अशा. किती आहेत ते मुलांनाही मोजता येतं.

तुमच्या घरी कुठल्या खणात असतात?