लक्ष नाही, की ऐकू येत नाही?

वर्गात हाक मारूनही मान वर न करणाऱ्या मुलास 'बेफिकीर' ठरवून आपण मोकळे होतो. कालपर्यंत उत्तम ऐकणाऱ्या त्या मुलास आज ऐकू येईनासे झाले असेल, ही शंका क्वचितच कोणास येते. मूल स्वतः होऊन तक्रार करीत नाही. त्यातून एकच कान गेला असेल, तर दुसऱ्या कानावर त्याचे व्यवहार निभावतात आणि व्याधी झाकून राहते.

मुलांत हा प्रकार विरळा असला तरी त्याची कारणे अपरिचित नाहीत. कानातील मळ किंवा मध्यकर्णात साचलेले पाणी यांमुळे आलेला बहिरेपणा बहुधा बरा होतो. परंतु गालगुंड, मेंदूच्या आवरणाचा दाह, डोक्यास लागलेला मार किंवा काही प्रतिजैविके यांमुळे आंतरकर्णास इजा पोचू शकते. कित्येकदा तर कारण सापडतही नाही. अशा वेळी स्टेरॉइड औषधे योजावयाची झाल्यास ती शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावी लागतात. पुढे गुण येण्याची आशा झपाट्याने मावळते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी अभिप्रेत आहे, ती वर्षातून एकदा. दोन आठवड्यांची मुदत घेऊन येणारे संकट वार्षिक तपासणीत सापडावे कसे? मुलास रोज पाहणारे दोघेच: पालक आणि शिक्षक. मूल एकाएकी एकच कान पुढे करू लागले, फोन नेहमीच्या कानावरून दुसऱ्या कानावर नेऊ लागले, आवाजाची दिशा चुकू लागले, श्रुतलेखनात अडखळू लागले किंवा कानात आवाज येतो, घेरी येते असे म्हणू लागले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे आणि श्रवणमापन करून घ्यावे. कोमट तेल घालून वाट पाहण्यात मोलाचे दिवस जातात. कानात तेल घालण्यापेक्षा डोळ्यांत तेल घालणे येथे अधिक श्रेयस्कर होय.

अर्थात, केवळ जागरूकतेचा उपदेश पुरेसा नाही. श्रवणमापनासाठी जिल्ह्याचे गाव गाठावयाचे म्हणजे मजुराचा रोज बुडतो. साहजिकच तपासणी पुढे ढकलली जाते. तालुक्याच्या रुग्णालयात ही सोय असावी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात या लक्षणांस स्थान मिळावे. त्यास येणारा खर्च अल्प आहे; एका मुलाच्या हुकलेल्या शिक्षणाची किंमत मात्र ते कुटुंब आणि समाज आयुष्यभर मोजत राहतात.